वाढलं

शनिवारची सकाळची शाळा. खाडीकडच्या खिडक्या सताड उघड्या होत्या आणि चौथीच्या वर्गात लाकडी शिंपले आपापल्या चालीनं वाजत होते. टप्. जरा थांबून टप् टप्. मग कोपऱ्यातून कुणी झोपेत कूस वळवावी तसं हलकंच एक टप्.

प्रत्येक बाकावर असा एक शिंपला होता. फणसाच्या लाकडाचा, तळहाताएवढा, दोन झाकणांचा. त्याचं जुळं खाडीच्या पाण्यात, तराफ्याखाली लोंबणाऱ्या टोपलीत. ते मात्र जिवंत कालव. त्याच्या एका शिंपीवर तांदळाच्या दाण्याएवढं चुंबक चिकटवलेलं, दुसरीवर तेवढाच संवेदक. पाण्यातल्या कालवानं तोंड उघडलं की वर्गातलं लाकडी झाकण तेवढंच वर उचललं जाई. कालव मिटलं की लाकूडही मिटे, टप्.

"पुस्तकातलं कालव पाणी पीत नाही," हर्षलाबाई पहिल्या दिवशी मुलांना म्हणाल्या होत्या. "हे पितं. बोट ठेवून बघा."

मुलांनी बोट ठेवलं आणि ती कालवं त्यांची झाली. कुणाचं बाबल्या, कुणाचं राणी, इशाली गिरपचं चिंगू. रोज दोन हजेऱ्या व्हायच्या, आधी पोरांची, मग कालवांची. दोन्हींच्या मधे बाईंनीच रचलेलं गाणं, जात्याच्या चालीवरचं:

खडपाच्या कुशीत
कालव माझं निजलं,
भरतीच्या पाण्यानं
दार त्याचं भिजलं.

हर्षला पराडकर मूळची घाटावरची. लग्न होऊन खाडीकाठी आली तेव्हा पहिल्याच महिन्यात तिनं कालवांच्या सुक्यात तिरफळ घातलं होतं. बांगड्याच्या आमटीतलं, ओठ-जीभ चुरचुरवणारं ते तिरफळ, कालवांत! सासूबाई सुमतीबाई ती गोष्ट अजून पाहुण्यांना सांगत आणि पदर तोंडाला लावून हसत. अशा सुनेनं दर्यावरच्या पोरांना दर्या शिकवावा, हे त्यांना कधी पुरतं पटलं नव्हतं.

पण या लाकडी शिंपल्यांवर आता सगळ्या गावाचं ताट अवलंबून होतं.

कालव दिवसभर पाणी गाळत असतं. आत घ्यायचं, त्यातलं खाणं राखायचं, उरलेलं बाहेर सोडायचं. त्यामुळे पाणी नासलं तर पहिली चव त्यालाच कळते आणि ते दार लावून घेतं. अडचण एवढीच, की दार लावायला त्याला शंभर कारणं असतात. चिंबोरी जवळून गेली, होडीची सावली पडली, वरून गोडं पाणी आलं. नुसत्या उघडझापीच्या आकड्यांवरून काही कळत नाही. म्हणून शहरातल्या किनारा केंद्रानं आपलं यंत्र पोरांच्या शिकवणीला लावलं. दर आठवड्याला मुलं टोपल्या वर ओढत, कालव हातात घेऊन बघत आणि काय दिसलं ते यंत्राला तोंडी सांगत. उघडं आहे. शेवाळ धरलंय. चिंबोरीनं खाल्लं. अशा शब्दांशी उघडझापीची सांगड घालत यंत्र खाडीची भाषा शिकलं. मग रोज पहाटे प्रत्येक फोनवर शंख उमटू लागला. हिरवा असला तर काढा, खा, विका. लाल असला तर हात लावू नका. शंख कधी चुकला नव्हता. आयाबाया कोयती उचलण्याआधी देवाला आणि शंखाला नमस्कार करत.

आज पहाटे शंख हिरवा होता. हर्षलाचं अर्धं लक्ष घराकडे होतं. नणंदेचा, मनालीचा साखरपुडा होता. दुपारची पंगत. खाडीकाठच्या रिवाजाप्रमाणे मनाली आपल्या हातानं होणाऱ्या सासऱ्याच्या, विश्वनाथ टिकमांच्या पानात कालवांचं सुकं वाढणार, त्यानं पहिला घास घेतला की सोयरीक पक्की आणि मग बाकीची पंगत. पहाटेच्या ओहोटीला सुमतीबाई स्वतः खडपावर, खाडीकाठच्या खडकांवर जाऊन टोपलीभर कालवं काढून आल्या होत्या.

"इशाली गिरप."

"हजर."

"आणि चिंगू?"

इशालीनं उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात टाळी वाजली.

एकच. वर्गातले सगळे शिंपले एका क्षणी मिटले. टप्! त्यानंतर काही नाही. इतकी वर्षं या वर्गाला शांतता ठाऊक नव्हती. आता भिंतीवरच्या पालीचं चुकचुकणंही मोठं वाटलं.

"बाई," इशाली कुजबुजली, "सगळीच वाढली?"

"नाही गं. मिटलीत नुसती. होडी गेली असेल."

पण खिडकीबाहेर होडी नव्हती. भरती चढत होती, म्हणजे दारं उघडायची वेळ. हर्षलानं चिंगूच्या लाकडी झाकणात नख घालून पाहिलं. दातखीळ बसल्यासारखं घट्ट. थांबून पाहिलं, पोरांना पुन्हा गाणं म्हणायला लावलं. एकही दार हललं नाही. तराफ्याजवळच्या पाण्याला तांबूस झाक होती, कुणी चहाचं पातेलं विसळल्यासारखी.

तिनं फोन उघडला. शंख हिरवाच होता, उलट अधिकच गडद. खाली एक ओळ होती: तुमच्या खाडीत आज विक्रमी वाढ.

तिनं केंद्रातल्या केतकी दामल्यांना फोन लावला. पाणीपारखीचं हे यंत्र त्यांच्याच देखरेखीखाली होतं.

"मॅडम, आमची सगळी कालवं एकदम मिटलीत."

"हो, दिसतंय मला. घाबरू नका, छान लक्षण आहे ते," केतकी म्हणाल्या. "प्रत्येक खाडीची सवय वेगळी असते. तुमच्याकडे कालवं बराच वेळ मिटून राहिली की त्यानंतर वाढतात. यंत्रानं हे तुमच्या पोरांकडूनच शिकलंय. या आठवड्यात तर कितीजणांनी नोंदवलंय, वाढलं, वाढलं, वाढलं."

हर्षलानं वळून इशालीकडे पाहिलं.

मागे इशालीचं पहिलं कालव टोपलीत मरून पडलं होतं, शिंपी वासून. पोरगी हमसून हमसून रडली. तेव्हा हर्षलानंच तिला जवळ घेतलं होतं. "मेलं म्हणू नये, बाळा. बांगडी फुटली तर आपण काय म्हणतो? वाढली. दुकान बंद केलं तर? वाढवलं. तसं म्हण, कालव वाढलं." इशालीनं डोळे पुसले. त्या दिवसापासून वर्गात कुठलंच कालव मेलं नाही. ते वाढे, आणि टोपलीत त्याच्या जागी नवं येई. या आठवड्यात हा शब्द बाकाबाकावरून ऐकू आला होता, आणि हर्षलाला वाटलं होतं, उन्हाचा ताप आहे, दुसरं काय.

"मॅडम," ती म्हणाली, "वाढली म्हणजे मेली."

"काय?"

"मोठी झाली नाहीत ती. मेली. मिटली आणि मेली. पोरं अशुभ बोलत नाहीत हो. मीच शिकवलंय त्यांना."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग केतकी बोलल्या तेव्हा त्यांचा आवाज बदललेला होता. "पाणी कसं दिसतंय?"

"तांबूस."

"बाई, नीट ऐका. पाण्यात एक सूक्ष्म शेवाळ माजतं. त्याचं विष कालवांच्या अंगात साठतं. काही मरतात, बरीच तग धरतात, आणि तग धरलेलीच जास्त घातक. शिजवून, तळून, आंबट घालून ते विष जात नाही. आधी ओठांना मुंग्या येतात. मग जीभ, बोटं. मग श्वासाचे स्नायू थांबतात. उतारा नाही. श्वास बाहेरून चालू ठेवायचा, एवढंच. ठेवला तर शरीर विष टाकून देतं. आज कुणी खाल्लीत?"

"शंख लाल करा आधी!"

"पाणी तपासल्याशिवाय लाल करायचा अधिकार मला नाही. मी वर भांडते. पण त्याला वेळ लागेल, आणि तुमच्याकडे जेवणाची वेळ..."

हर्षलानं फोन ठेवला. घरी लावला, कुणी उचलेना. मांडवातल्या सनईत कुणाला ऐकू जाणार होतं?

ती पोरांकडे वळली. "पळत घरी जा. कालव, तिसऱ्या, शिंपीतलं काही म्हणजे काही खायचं नाही. प्रत्येक दारात सांगा."

"का म्हणून विचारलं तर?" इशाली म्हणाली.

हर्षलाच्या घशाशी तोच मऊ शब्द आला. तिनं तो गिळला.

"सांग, कालवं मेली."

इशालीनं क्षणभर बाईंकडे पाहिलं. मग दप्तर तिथंच टाकून ती धावली.

*

मांडवात अत्तर, झेंडू आणि भाजलेल्या खोबऱ्याचा वास होता. हर्षला मागच्या दारानं थेट स्वयंपाकघरात शिरली. सुमतीबाई चुलीपाशी घाम टिपत होत्या.

"इलंस? सुटली एकदाची तुझी शाळा! व्याही पानार बसले."

"आई, कालवं वाढायची नाहीत."

"काय?"

"पाण्यात विष आहे. वर्गातली सगळी कालवं एकदम मिटली."

"परत तुझी कालवां!" सुमतीबाईंनी डाव आपटला. "गेल्या शिमग्याक ती शिंकली तेव्हा आख्खो गाव उपाशी ठेवलंस. मगे काय निघाला? होडीचा डिझेल सांडलेला. घाटावरची सून आमका दर्या शिकवता!" त्यांनी फोन तिच्या डोळ्यांपुढे धरला. "हो बघ शंख. हिरवो गार."

"तो चुकलाय, आई. मुलं मेलेल्याला वाढलं म्हणत होती, त्याला ते खरंच वाटलं. मेलीत ती..."

"श्शू! शुभ दिवशी ह्यो शब्द नको माझ्या घरात." सुमतीबाईंनी पदरानं ओठ पुसले. मग पुन्हा पुसले. "पंगत मोडली तर पोरीचा काय होयत? टिकम म्हणतले, पराडकरांनी पानार बसवन उठवल्यानी."

त्यांनी तिसऱ्यांदा ओठ पुसले तेव्हा हर्षलाची नजर त्यांच्या ओठांवर खिळली.

"आई, तुम्ही चव घेतलीत?"

"घेतलंय तर! व्याह्यांच्या पानात चव बघल्याशिवाय जाऊक दिऊ? वाटीभर खाल्लंय. बरी झाली हत. वायच तिरफळ जास्त पडला, इतक्याच. ओठ चुरचुरतत."

चुलीतलं लाकूड तडतडलं. हर्षला अगदी हळू बोलली.

"आई, कालवांत तिरफळ कोण घालतं?"

सुमतीबाईंनी हसण्यासाठी तोंड उघडलं. ही तर त्यांचीच गोष्ट, इतकी वर्षं सांगितलेली. पण हसू ओठांपर्यंत आलंच नाही. त्यांनी बोटं ओठांवर ठेवली, दाबून पाहिली. ओठ दुसऱ्याच कुणाचे असावेत तसे.

"मी... नाय घातलंय," त्या म्हणाल्या.

"वाडगं कुठंय?"

सुमतीबाईंची नजर दुसऱ्या दाराकडे गेली. मनाली कालवांचं वाडगं घेऊन कधीच बाहेर गेली होती.

*

"मनाली, वाढू नको!"

सनई थांबली. मोरपंखी शालूतली मनाली विश्वनाथ टिकमांच्या पानाशी वाकलेली होती, आणि हातातला डाव रिकामा होता. कालवं पानात पडली होती.

"वैनी?"

"काका, ते खाऊ नका. विष आहे त्यात."

मांडवभर कुजबूज उठली. टिकमांच्या बाजूची एक आत्या मोठ्यानं म्हणाली, "नणंदेचा बरा झालेला बघवत नाय काय गो तुका?" पोरांनी फोन वर धरले, मांडवात हिरवे शंख काजव्यांसारखे लुकलुकले.

विश्वनाथ टिकम ट्रॉलरचे मालक, भल्या मिशांचे, सावकाश बोलणारे. त्यांनी कालवाचा तुकडा बोटांत धरून ठेवला होता.

"सूनबाई, शंख हिरवो हा."

"शंख चुकलाय."

"असात. पण ह्यो पोरीच्या हातचो पयलो घास. मी परत पाठवलंय तर त्याचो अर्थ काय, तुका कोणी सांगूक नाय?" त्यांनी मनालीकडे पाहिलं. ती पांढरीफटक पडली होती, डोळे काठोकाठ. त्या एका नजरेनं त्यांचा निश्चय झाला असावा. "एका घासान काय होता?" म्हणत त्यांनी हात उचलला.

दोन्ही बाजूंच्या माणसांतून वाट काढत सुमतीबाई आल्या. पाय ओढत होत्या. त्यांनी वाकून, उंबऱ्यावरचं काही झाडून टाकावं तसा, टिकमांच्या हातावर फटका मारला आणि पान उचलून पालथं केलं.

शुभकार्यात भरलं पान पालथं! मनालीच्या हातातलं वाडगं निसटलं.

"मेलंय ता," सुमतीबाई म्हणाल्या. जीभ जड झाली होती, शब्द लडखडत होते, पण तेवढाच शब्द त्यांनी स्पष्ट उच्चारला. "मेलंय. कोणी... खाव नको."

आणि मांडवाच्या खांबाला धरून त्या हळूहळू खाली बसल्या.

*

गावच्या आरोग्य केंद्रात श्वासाचं यंत्र नव्हतं. ते तालुक्याच्या दवाखान्यात, घाटाच्या वळणांपलीकडे. रुग्णवाहिकेत नर्सनं सुमतीबाईंच्या तोंडावर मुखवटा बसवला, त्याला जोडलेली रबरी पिशवी हर्षलाच्या हातात दिली आणि स्वतः शीर शोधू लागली.

"दाबा. सोडा. घाई नको, थांबूही नका. त्यांची छाती आता स्वतः हलणार नाही."

हर्षलानं पिशवी दाबली. छाती उचलली गेली. सोडली. छाती बसली. सुमतीबाईंचे डोळे उघडे होते. त्यांना सगळं कळत होतं, पण पापणीसुद्धा हलवता येत नव्हती. मिटलेल्या शिंपीत एक जीव जागा होता.

वळणावर गाडी कलंडली आणि हर्षलाची लय चुकली. एकदा घाईनं दाबलं, एकदा उशीर झाला. मोजावं म्हटलं तर भीतीनं आकडे सुचेनात. मग ओठांवर आपोआप तेच आलं, रोज सकाळी पोरांबरोबर लाकडाच्या उघडझापीला जोडलेलं:

खडपाच्या कुशीत... दाब.
कालव माझं निजलं... सोड.
भरतीच्या पाण्यानं... दाब.
दार त्याचं भिजलं... सोड.

हात स्थिर झाले. मनाली आईचे पाय चोळत शेजारी बसली होती, तिनंही सूर धरला. समोर विश्वनाथ टिकम होते, मांडवातून उठून कुणाला न विचारता गाडीत चढलेले. हर्षलाची बोटं वळायला लागली तशी त्यांनी पिशवी आपल्या हातात घेतली. जाळ्याचे दोर ओढून घट्टे पडलेले ते हात पिशवीवर फार जपून मिटत होते, उघडत होते. मधेच हर्षलाला हुंदका आला आणि गाणं तुटलं.

"गाणां थांबवू नको, सूनबाई," ते मान वर न करता म्हणाले. "माझो हात चुकता."

घाट संपेपर्यंत तिघं गात होती.

*

शंख त्याच संध्याकाळी लाल झाला. पोरांनी दारोदार निरोप दिले होते, म्हणून गावात दुसरं कुणी ते खाल्लं नव्हतं. केतकी दामल्यांनी फोनवर सांगितलं की यंत्राला खाडीची भाषा पुन्हा पहिल्यापासून शिकवावी लागेल. एकेक शब्द पोरांना विचारून.

"मग आता मेलं म्हणायचं?" इशालीनं दवाखान्याच्या दाराशी विचारलं. ती बापाबरोबर डबा घेऊन आली होती.

"जे बघितलं ते म्हणायचं."

"रडू आलं तर?"

"तर रडायचं. आणि रडत रडत सांगायचं."

दुसऱ्या दिवशी दुपारी सुमतीबाईंच्या घशातली नळी काढली. छाती आपणहून वर आली, खाली गेली. हर्षला बराच वेळ नुसती तेवढंच बघत राहिली. बाहेरच्या बाकावर मनाली आणि टिकमांची बायको एकाच शालीत मान टाकून झोपल्या होत्या. सोयरीक मोडली की राहिली, हे कुणी विचारलं नव्हतं आणि आता विचारणारही नव्हतं.

टिकमांच्या घरून पेज आली होती. हर्षलानं डब्याचं झाकण काढलं तशी सुमतीबाईंनी डोळे उघडले. ओठ हलले. आवाज फाटका होता, तिला कान जवळ न्यावा लागला.

"तिरफळ नाय ना गो... पेजेत?"

हर्षलाला हसू आणि रडू एकदमच आलं. "नाही, आई."

"मगे वाढ."